दुखणाईतांचा ख्रिस्त



बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला अरगट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. फुलोऱ्याच्या वेळी हवा ढगाळ, दमट राहिली की कणसातून मधासारखा चिकट रस पाझरतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी धरतात. म्हणून पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायच्या असतात. आज मला बोलायचे आहे ते एका ख्रिस्तचित्राविषयी. पण त्या चित्राची हकीकत अशाच काळ्या गाठींपासून सुरू होते.

युरोपातल्या थंड मुलखात राय नावाचे धान्य होते. गव्हाचा हा गरीब भाऊच म्हणा ना. त्यावरही अशीच बुरशी पडे, गाठी दाण्यांबरोबर दळल्या जात, आणि तो पाव खाणाऱ्या गोरगरिबांच्या हातापायांची आग होई. रक्त पोहोचेनासे होऊन बोटे काळी पडत, झडत. कित्येकांचा पाय कापावा लागे. दोष धान्यात आहे हे विद्वानांना १७व्या शतकात उमगले. तोवर लोक या रोगाला ‘संत अंतोनीची आग’ म्हणत. आपल्याकडच्या कॅथलिक घरांतून बाळ येशूसह ज्याची तसबीर दिसते तो पादुआचा अंतोनी वेगळा. हा इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी, ३५६ साली वारलेला. त्याच्या नावाने संन्याशांचा एक संघ निघाला आणि त्याने या रोग्यांसाठी ठिकठिकाणी रुग्णालये चालवली. त्यांतले एक आल्सास प्रांतातल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, इसेनहाइम गावी होते.

तिथल्या वेदीसाठी माथिस नावाच्या जर्मन चित्रकाराने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात चित्रे काढली. जग त्याला ग्रुनेवाल्ड म्हणते; ते नाव पुढे एका चरित्रकाराने चुकून त्याला चिकटवले. रचना मोठ्या कपाटासारखी आहे. दारावर चित्र, दार उघडले की आत चित्र, तेही उघडले की आणखी आत लाकडात कोरलेल्या मूर्ती.

दारे मिटलेली असताना समोर दिसतो तो क्रूसावरचा ख्रिस्त. चित्र जवळजवळ नऊ फूट उंच, दहा फूट रुंद. आपण कॅलेंडरावर पाहतो तसा गोरागोमटा, शांत झोपल्यासारखा ख्रिस्त इथे शोधू नका. याचे अंग हिरवट पडले आहे, अंगभर फोड आहेत, काटे रुतून राहिले आहेत. हातांची बोटे वेदनेने ताणून वाकडी झाली आहेत. पावलात एकच जाडजूड खिळा, आणि पावले सुजलेली. त्याच्या भाराने क्रूसाचे आडवे लाकूडसुद्धा वाकले आहे. डावीकडे पांढऱ्या वस्त्रातली मरिया मूर्च्छित होऊन योहानाच्या हातांवर कलली आहे.

असे भयंकर चित्र आजाऱ्यांसमोर का मांडावे? डॉक्टर तर म्हणतील, रोग्याला प्रसन्न दृश्ये दाखवा. पण हे रोगी कोण होते ते लक्षात घ्या. ज्यांच्याकडे बघून बायकामुले तोंड फिरवीत, अशी ही माणसे. त्यांना या वेदीपुढे आणीत. समोर बघतात तो आपलेच फोड, आपलीच सुजलेली पावले. देवाच्या पुत्राला आपले दुखणे ठाऊक आहे, हे ऐकणे वेगळे आणि त्याच्या कातडीवर ते पाहणे वेगळे. प्रवचन कानावरून जाते. चित्रापुढे माणूस तासभर बसू शकतो.

सणाच्या दिवशी दारे उघडीत. मग आत जन्मलेले बाळ, वाद्ये वाजवणारे देवदूत, आणि उजवीकडे कबरेतून तेजाच्या गोळ्यात वर उठलेला ख्रिस्त. त्याच्या अंगावर आता एकही फोड नाही. खिळ्यांच्या खुणा मात्र आहेत. काय वाटले असेल हो त्या दिवशी लंगडत आलेल्या माणसाला!

मला सर्वांत धीट वाटते ते अगदी आतले एक चित्र. भुतेखेते अंतोनीला झोडपीत आहेत. खाली कोपऱ्यात पोट फुगलेला, फोडांनी भरलेला एक जीव पडला आहे. दुसऱ्या कोपऱ्यात कागदाचा एक कपटा रंगवला असून, त्यावरच्या लॅटिन ओळीत तपस्वी येशूलाच विचारतो आहे, तू त्या वेळी होतास कुठे, धावून का आला नाहीस? ही तक्रार संन्याशांनी पुसली नाही, वेदीवर राहू दिली.

माझे घर प्रॉटेस्टंट. आमच्या उपासनामंदिराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र. आजी म्हणे, देव काही भिंतीवर टांगायचा नसतो. तिच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. माणसे चित्रालाच हार घालून मोकळी होतात, हे मीही पाहिले आहे. पण साखरेच्या विकाराने मावशीचा पाय कापला, तेव्हा तिने प्रार्थना सोडली. पाळक आले की भिंतीकडे तोंड करून पडे. मी ग्रंथालयातले एक पुस्तक सहज तिच्यापुढे उघडले. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, “अरे, याचे पाय बघ किती सुजलेत. पुसायला कुणी नव्हतं का रे?” पुस्तक परत करायची तारीख उलटली, दंड भरला, मावशी ते सोडीना. महिन्याभराने पाळक आले तेव्हा तिने त्यांना बसायला सांगितले, आणि आधी ते पान दाखवले.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, ही चित्रे जवळच्या कोलमार शहरात हलवली गेली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, ती म्यूनिकला नेली, तेव्हा तिथे लोकांची रीघ लागली. १९१९ साली ती कोलमारला परतली. आता ती तिथल्या एका जुन्या मठातल्या संग्रहालयात आहेत. २०२२ साली त्यांची सफाई पुरी झाली, जुने पिवळट वार्निश निघाले आणि रंग उजळले. शाळेत पुस्तकातून किंवा यंत्रावर हे चित्र दाखवता येईल. शिक्षकबंधूंनी ते आधी न बोलता मुलांपुढे ठेवावे. मुले प्रथम बोटांविषयी विचारतील, असा माझा अनुभव आहे.