अजिंठ्याच्या भिंतीवरचे दोन हात
(चंद्रपूर येथील अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आपल्या गडचिरोलीकडच्या खेड्यांत सणापूर्वी भिंतीवर मातीचा नवा हात फिरतो आणि मागल्या वर्षीचा रंग त्याखाली जातो. अजिंठ्याच्या नवव्या व दहाव्या लेण्यांतही हेच घडले. फरक एवढाच, की तेथे दोन हातांमध्ये सुमारे पाचशे वर्षे लोटली.

खालचा थर सातवाहनकालीन आहे. त्यात छद्दंत जातकातला सहा सुळ्यांचा हत्ती आहे, अरण्य आहे, माणसांची दाटी आहे. परंतु बुद्ध मनुष्यरूपात कोठेच नाही. राजा परिवारासह येतो तो बोधिवृक्षापुढे. वरचा थर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटकांच्या अमदानीतला. त्यात खांबाखांबांवर बुद्धच बुद्ध आहेत. पूज्य वस्तू बदलली, पण भिंत टाकून दिली नाही.

रंगही साक्ष देतात. जुन्या चित्रांत गेरू, पिवळी माती, काजळी आहे, निळा नाही. वाकाटककालीन लेण्यांत निळा येतो तो थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा. हा दगड अजिंठ्यापर्यंत आणणारे तांडे आणि त्यांचे मोल चुकविणारी सत्ता त्या एका रंगात दिसते.

आता दाते पाहा. सोळावे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने करविले. नवव्या-दहाव्यातल्या नंतरच्या बुद्धांपाशी मात्र काही ठिकाणी साध्या शाक्यभिक्षूंची नावे आहेत. हरिषेणाच्या मृत्यूनंतर राजाश्रय आटला आणि मग किरकोळ दात्यांनी मिळेल त्या जागेवर आपापला बुद्ध काढविला, असे वॉल्टर स्पिंक यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या कालगणनेवर वाद आहे. मला हा तर्क पटतो. दरबार उठला, तरी सामान्य माणसाची श्रद्धा उठत नाही.

पुढचे हातही विसरू नका. 1819 मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात आपले नाव कोरले. 1920 नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठी लाखेचे रोगण फासले. तेच पुढे पिवळे पडून चित्रे झाकोळली.

रोगण उतरवावे, हे उघड आहे. परंतु ‘मूळ’ पाहण्याच्या हव्यासाने वरचे बुद्धही खरवडावेत काय? माझे उत्तर ठाम नकाराचे आहे. त्या अनाम भिक्षूंचा दुसरा दस्तऐवज आपल्यापाशी नाही.

आपल्या भद्रावतीच्या विजासन लेण्यांत लिंपण उरलेले नाही. बोगद्यासारख्या दालनांच्या टोकाशी दगडातले बुद्ध तेवढे बसलेले आहेत. उद्या सकाळी आपण तेथे जाणार आहोत; प्रत्येकाने बॅटरी बरोबर घ्यावी, आत अंधार असतो.