बाप्तिस्म्याचा दाखला आणि प्रीतीचा पुरावा

ख्रिस्ती श्रद्धा खरी की नावापुरती, हे ठरवण्याची कसोटी ख्रिस्ती धर्मग्रंथाने संदिग्ध ठेवलेली नाही. तरीही नवी मुंबईतल्या, आणि एकूणच मराठी, ख्रिस्ती समाजाने ती सोयीस्करपणे बाजूला सारून तिच्या जागी बाप्तिस्म्याचा दाखला, रविवारच्या उपासनेची हजेरी, दशांशाची म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याची पावती आणि आपापल्या पंथाचा अभिमान या गोष्टी आणून बसवल्या आहेत, असा या भाषणाचा आरोप आहे. अध्यक्षपदावरून गौरवाचे चार शब्द निघावेत अशी संमेलनांची रीत असली, तरी त्या रीतीखातर हा आरोप सौम्य करण्याचे कारण दिसत नाही. डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याची प्रीती नाही त्याने न दिसणाऱ्या देवावरील प्रीतीचा दावा करणे म्हणजे खोटे बोलणे होय, असा निवाडा योहानाच्या पहिल्या पत्रात कधीच दिलेला आहे, आणि त्यावर अपील करण्याची सोय कोणत्याही पंथाने ठेवलेली नाही.

यावर शास्त्रनिष्ठांचा आक्षेप ठरलेला असतो. तारण, म्हणजे पापापासूनची सुटका, देवाच्या कृपेने आणि विश्वासाने मिळते, माणसाच्या सत्कर्माने नव्हे, ही पौलाची शिकवण. कर्मावाचून विश्वास निर्जीव आहे असे सांगणाऱ्या याकोबाच्या पत्राला मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये कमी लेखले, तेही याच कारणाने. परंतु हा आक्षेप कारण आणि पुरावा यांची गल्लत करतो. फळामुळे झाड जगत नाही हे खरे असले, तरी वर्षानुवर्षे फळ न धरणाऱ्या झाडाच्या मुळांविषयी शंका घेण्याचा हक्क माळ्याला असतोच. शिवाय ज्या पौलाचा आधार घेतला जातो, त्यानेच करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, डोंगर हलवणारा विश्वासही प्रीतीवाचून शून्य ठरवला आहे. हा अध्याय लग्नाच्या उपासनेत हौसेने वाचला जातो आणि मंडळीच्या निवडणुकीत तितक्याच हौसेने विसरला जातो.

मराठी ख्रिस्ती परंपरेला या कसोटीचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील भगिनीसंघात राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यांचे मन वळवण्यात मोठा वाटा कशाचा होता, हे त्यांनी ‘माझी साक्ष’मध्ये सांगितले आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी त्या भगिनींनी चालवलेले गृह रमाबाईंनी पाहिले. अशा स्त्रियांना कोणी मायेने जवळ करते हे दृश्य, संस्कृत शास्त्रग्रंथांत निष्णात असलेल्या त्या विदुषीला सर्वस्वी नवे होते. आणि यामागचे कारण विचारल्यावर तिच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची, म्हणजे यहुद्यांनी विटाळाची मानलेल्या जमातीतल्या स्त्रीची, कथा ठेवली गेली. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रीती दिसली आणि मग तिचा उगम शोधला गेला. पुढे याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या शेकडो मुलींबरोबरच, अशा टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ उभारले, तेव्हा फुलहॅममध्ये पाहिलेला पुरावा त्यांनी मराठी मुलखात पुन्हा सादर केला, असेच म्हणावे लागेल. बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली देण्याचे धैर्यही त्यांच्यापाशी होते. दाखल्यावर विसंबणाऱ्यांनी निदान ही कबुली तरी वाचावी.

दुसरा आक्षेप समाजाबाहेरून येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. ख्रिस्ती सेवा हे धर्मांतराचे आमिष असते, असे म्हटले जाते. 1893 मध्ये रमाबाईंनी मुलींसाठी चालवलेल्या शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाहेर पडले, तेही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्याच्या वादातूनच. या आक्षेपाला ‘आमचा छळ होतो’ एवढेच उत्तर देणे हा आळस आहे. सरळ उत्तर असे की, जी सेवा समोरच्याच्या धर्मांतराची वाट पाहते ती प्रीती नसून व्यवहार आहे, आणि तिचा निषेध सर्वांत आधी ख्रिस्ती व्यासपीठावरून व्हायला हवा. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्यायाच्या दृश्यात भुकेल्याला अन्न देणारे आणि बंदिवानाला भेटणारे लोक, आपण प्रभूची सेवा केली हे ऐकून चकित होतात. ज्यांना हिशेब ठाऊकच नव्हता, त्यांची सेवा तेथे मान्य होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा दिली, तेव्हा मंडळीचे कुंपण आणि प्रीतीची हद्द एकच नाही हे त्यांनी ओळखले होते. त्या टिळकांचे अभंग आज मोठ्या प्रेमाने गायिले जातात आणि त्यांचा दरबार सोयीने विसरला जातो.

आता नवी मुंबईकडे वळणे भाग आहे, कारण या कसोटीचा अलीकडचा सर्वांत कठोर प्रसंग याच शहरात घडला. झारखंडमधील आदिवासींच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेले येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर 2020 मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी ते तळोजा मध्यवर्ती कारागृहात आले. कंपवातामुळे त्यांना पाण्याचा पेला हातात धरता येत नव्हता. 5 जुलै 2021 रोजी, जामिनाची वाट पाहत असताना, वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आरोप त्यांनी नाकारले होते आणि खटला उभाच राहिला नाही, म्हणून त्यावर न्यायालयाचा निवाडा नाही, आणि तो देण्याचे काम या व्यासपीठाचेही नाही. येथे प्रश्न वेगळ्या साक्षीचा आहे. तुरुंगातून लिहिलेल्या आणि त्या वेळी वर्तमानपत्रांतही आलेल्या पत्रात त्यांनी स्वतःच्या हालांपेक्षा सोबतच्या कैद्यांविषयी अधिक लिहिले: अत्यंत गरीब घरांतून आलेले कोठडीतले दोघे सोबती त्यांना रात्रीच्या जेवणात मदत करत, कपडे धूत आणि दुखरे गुडघे चोळून देत, म्हणून त्या दोघांना प्रार्थनेत आठवावे, अशी त्यांची विनंती होती. झारखंडमध्ये कच्च्या कैद्यांची, म्हणजे खटला न संपलेल्या बंदिवानांची, दैना अभ्यासून तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेला माणूस अखेरीस स्वतःच कच्चा कैदी झाला, आणि तेथेही त्याची नजर शेजाऱ्यावरून हटली नाही. गुडघे चोळणाऱ्या त्या दोघांचा धर्म कोणता, हे विचारण्याची गरज पत्र लिहिणाऱ्याला वाटली नाही; ती येथेही कोणाला वाटू नये.

एका म्हाताऱ्या धर्मगुरूला पाणी प्यायला नळी मिळावी म्हणून देशभर आरडाओरडा झाला, तो योग्यच होता. परंतु तो धर्मगुरू गेल्यानंतर वाशी, नेरूळ, खारघर, पनवेल येथील किती मंडळ्यांनी तळोज्याची वाट धरली, याचे उत्तर प्रत्येक पाळकाने आणि प्रत्येक समितीने स्वतःच्या इतिवृत्तात शोधावे. शहीद मिरवणे सोपे असते. त्याचे शेजारी सांभाळणे अवघड असते. या शहरातली चर्चे ज्या जमिनीवर उभी आहेत, ती 1970 नंतर सिडकोसाठी आगरी-कोळी गावांकडून संपादन झालेली जमीन आहे, आणि त्या गावांशी या मंडळ्यांचा संबंध बहुधा नाताळच्या केकपुरताच उरला आहे. मल्याळी, कोकणी, तमिळ आणि मराठी उपासना वेगवेगळ्या वेळी भरतात याला भाषेचे कारण आहे. लग्न जुळवताना पूर्वजांची जात विचारली जाते याला कोणते कारण आहे, ते शास्त्रनिष्ठांनी वचन दाखवून सांगावे.

तळोज्याच्या वाटेकडे परत यायचे तर, भारतातील तुरुंगांत दर चार बंदिवानांमागे सुमारे तीन कच्चे कैदी असतात, आणि त्यांतल्या अनेकांना जामीन मंजूर होऊनही जामीनदार किंवा जामिनाची रक्कम नसल्यामुळे आत राहावे लागते. म्हणून या संमेलनाने अभिनंदनाचे ठराव या वर्षापुरते बाजूला ठेवावेत, नवी मुंबईतील सर्व पंथांच्या मंडळ्यांचा एक सामायिक जामीन निधी आणि वकिलांची यादी तयार करण्याचा ठराव करावा, आणि तो निधी वापरताना अर्जावर धर्माचा रकाना ठेवू नये.