घरातले अण्णा

घरातील एखादे वयोवृद्ध माणूस मुलानातवंडांच्या देखत निघून गेले, म्हणजे 'सोने झाले' असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. शोकापेक्षा समाधानाचाच सूर त्यात अधिक असतो. मग भिंतीवर तसबीर लागते, तिला हार चढतो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्या तसबिरीतला माणूस हळूहळू गुळगुळीत होऊ लागतो. त्याचा हट्ट, त्याचे चुकलेले हिशोब, त्याच्यापायी इतरांनी काढलेले दिवस, हे सारे पुसले जाते. उरतो तो केवळ पुण्यात्मा. दीर्घ आयुष्याच्या माणसाच्या बाबतीत तर हे फार लवकर होते. कारण त्याच्या ऐन उमेदीचे साक्षीदार त्याच्या आधीच गेलेले असतात.

आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, ते धोंडो केशव कर्वे 18 एप्रिल 1858 रोजी जन्मले आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी निवर्तले. एकशे चार वर्षांचे आयुष्य! महर्षी म्हणून, भारतरत्न म्हणून, स्त्रियांच्या विद्यापीठाचे संस्थापक म्हणून ते श्रोत्यांना ठाऊक आहेतच. त्या कार्याची जंत्री मी देणार नाही. ते कोणाचे तरी पती होते, चार मुलांचे वडील होते, सासरे होते, आजोबा होते. त्या घरातून ते कसे दिसत असतील, एवढेच पाहावयाचे आहे.

अण्णांचा स्वभाव समजण्यास त्यांच्या लहानपणची एक हकीकत पुरेशी आहे. कोकणातील मुरूड गावचा हा मुलगा परीक्षेला बसण्यासाठी ऐन पावसाळ्यात सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी साताऱ्याला गेला. तेथील परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी त्याच्या किरकोळ देहाकडे पाहिले, याला सतरा वर्षे पुरी झालेली नाहीत असे ठरविले आणि त्याला परत पाठविले. ज्याच्या सतरा वर्षांवर कोणाचा विश्वास बसेना, त्याने पुढे शंभरी ओलांडली! मुलगा तेव्हा मुकाट्याने परत फिरला आणि पुढे कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उतरला. न बोलता चालत राहावयाचे, ही त्यांची रीत तेव्हापासूनची. बाहेरच्यांना ती धीरोदात्त वाटे. पण जो माणूस बोलत नाही, त्याच्याशी घरच्यांनी भांडावे तरी कसे?

पहिली पत्नी राधाबाई 1891 साली वारली, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी अण्णा फर्गसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. त्यांचे स्नेही नरहरपंत जोशी यांची बालविधवा बहीण गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. 11 मार्च 1893 रोजी हा पुनर्विवाह झाला आणि गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे सर्वजण त्यांना बाया म्हणत. मुरूडने या जोडप्याला वाळीत टाकले. नुसते त्यांनाच नव्हे. त्यांना घरात घेतील तर घरच्यांवरही बहिष्कार, असे गावाने ठरविले. स्वतः शिक्षा भोगणे एक वेळ सोपे. आपल्यापायी आईला भोगावी लागेल, हे जाणून तिच्या दारापासून दूर राहणे अवघड.

पुढे 1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला आणि घराच्या मिळकतीला दुसरा धनी मिळाला. शिल्लक आश्रमात गेली. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमाच्या नावे करून दिली. अण्णांच्या चरित्रांत हा प्रसंग त्यागाचे उदाहरण म्हणून येतो, आणि तो त्याग होताही. पण जिच्या पदरी लहान मुले आहेत, जिला माहेर-सासरच्या समाजाचा आधार उरलेला नाही, तिच्या दृष्टीने त्या कागदाचा अर्थ काय असेल? दात्याच्या दानात घरच्या माणसांचाही वाटा असतो. त्यांना मात्र कोणी विचारलेले नसते.

याहून एक मोठे शल्य बायांच्या मनात होते. आश्रम विधवांसाठी होता, आणि बाया स्वतः त्या दुःखातून बाहेर पडलेल्या. त्यांच्याइतका अधिकार कोणाचा? परंतु पुनर्विवाह केलेल्या स्त्रीचा आश्रमाशी उघड संबंध दिसला तर लोकांची मदत आटेल, या भीतीने त्यांना तेथून दूर राहावे लागले. अण्णांचा हिशोब व्यवहाराला धरून होता, हे मी मान्य करतो. पाचदहा रुपयांच्या वर्गण्यांवर चालणारी संस्था लोकमताला दुखवून टिकली नसती. तरीही वाटते, की ज्या विवाहासाठी या माणसाने गाव सोडले, त्याच विवाहाची खूण त्याला आपल्या संस्थेच्या उंबरठ्याबाहेर ठेवावी लागली. याहून मोठी किंमत त्या दोघांनी दुसरी कोणती दिली नसेल. विशेष हे, की बायांनी आपले मन झाकून ठेवले नाही. सून कावेरीबाई यांच्या संपादनाने 1944 साली निघालेल्या 'माझे पुराण' या पुस्तकात त्यांनी आपला संसार आडपडदा न ठेवता सांगितला आहे. अण्णांचे 'आत्मवृत्त' ज्यांनी वाचले असेल, त्यांनी हेही अवश्य वाचावे. एकाच घराच्या दोन खिडक्यांतून एकच अंगण किती निराळे दिसते, ते कळेल.

मुलांनीही बापाचा कित्ता गिरविला नाही. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेत मोंबासा येथे राहिले, दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक व पुढे फर्गसनचे प्राचार्य झाले, भास्करराव हिंगण्याच्या कामात पडले. थोरले रघुनाथराव बापासारखेच गणिताचे अध्यापक; पण संततिनियमनाचा पुरस्कार केल्यामुळे त्यांना नोकरीस मुकावे लागले. 1927 पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. 1934 साली त्यांच्या बाजूने डॉक्टर आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. बाप लोकमताला हळूहळू वळविणारा, मुलगा त्याला सरळ धडक देणारा. हट्ट मात्र दोघांचा एकच, आणि तो कोणाकडून आला हे सांगावयास नको.

स्नुषा इरावतीबाई उच्च शिक्षणासाठी जर्मनीला निघाल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्या या सासऱ्यांनीच विरोध केला. ही गोष्ट ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मला मात्र ती ऐकून अण्णा अधिक जवळचे वाटले. इरावतीबाई पतीच्या पाठिंब्याने गेल्या, बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या, मानववंशशास्त्रात नाव मिळविले. आणि पुढे आपल्या सासऱ्यांवर लेख लिहिताना त्यांनी आदराला बाध न आणता त्यांना माणूस म्हणूनच न्याहाळले. त्यांच्या घरची लेखणी अशी, की मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या. ज्या आजोबांनी 1916 साली मूठभर विद्यार्थिनींवर स्त्रियांचे विद्यापीठ उभारण्याचे धाडस केले, त्यांच्या नाती त्या.

दीर्घायुष्याचे म्हणून एक दुःख असते. 1950 च्या नोव्हेंबरात बाया गेल्या; सत्तावन्न वर्षांचा सहवास संपला. 1953 साली रघुनाथराव गेले. पंचाण्णव वर्षांच्या बापाने एकाहत्तर वर्षांचा मुलगा जाताना पाहिला. त्यानंतर पाच वर्षांनी मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर अण्णांची शताब्दी साजरी झाली, पंडित नेहरू आले, देशाने त्यांना भारतरत्न दिले. त्या गर्दीत पस्तीस वर्षांचे प्राध्यापक कर्वे कसे होते, हे सांगू शकणारे किती जण असतील? आणि ज्या सांगू शकल्या असत्या, त्या बायांचे आसन तेथे नव्हते.

पुण्याजवळचे हिंगणे आता कर्वेनगर म्हणून ओळखले जाते. 1900 साली तेथे आश्रमाची पहिली झोपडी उभी राहिली. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवावे आणि संध्याकाळी आश्रमाचे सामान बरोबर घेऊन चिखलवाट तुडवीत चार मैल हिंगणे गाठावे, असा अण्णांचा त्या वेळचा नेम होता. ती झोपडी संस्थेने जतन करून ठेवली आहे. दर्शनाला येणारे लोक तिच्या दाराशी वाकतात, कोणी चपला काढून आत डोकावतात. अण्णा त्या झोपडीत जात, त्या संध्याकाळी बाया तेथे नसत. त्या पुण्यात, मुलांना जवळ घेऊन, घर सांभाळीत असत.