वही कोणाच्या हाती?



कसाऱ्याहून घाट चढून खोडाळा-मोखाडा-जव्हार परिसरातील या साहित्य संमेलनास येताना जे मनात दाटले ते आपणांपुढे मांडण्यास वेळ थोडा आहे. आर्थिक विषमता हा विषय अर्थशास्त्र्यांच्या परिषदेत शोभावा, साहित्याच्या मांडवात नव्हे, असा आक्षेप एका स्नेह्याने पत्राने कळविला होता. मला तो मान्य नाही. विषमता जमिनीत आणि पैशात असते तशी ती लेखणीतही असते. आणि लेखणी हा तर आपलाच प्रांत.

दिवाळी सरली, नागली-वरईची झोडणी आटोपली, की पाड्यांवरची घरे बंद होतात, आणि टोपली, हंडे, कोंबड्या व कडेवरची लेकरे यांसह कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडील वीटभट्ट्यांवर पावसाळ्याच्या तोंडापर्यंत राहावयास जातात, हे आपणांस मी सांगावे असे नाही. जाण्यापूर्वी, कणगीने तळ गाठलेला असताना, मालकाकडून जी रक्कम हाती पडते तिला ‘बयाणा’ म्हणतात. लग्नाच्या वाजंत्र्यासही आपण बयाणा देतो. परंतु वाजंत्री एक मांडव वाजवून मोकळा होतो, आणि हा मजूर सबंध हंगाम गहाण पडतो. पुढे दर आठवड्यास पोटापुरती ‘खर्ची’ मिळते, आणि हजार विटांच्या भावाने झालेल्या मजुरीचा हिशेब शेवटी एकदाच होतो.

अशा हिशेबाची एक वही काही वर्षांपूर्वी माझ्या पाहण्यात आली. मुखपृष्ठावर गणपती, आत निळ्या शाईच्या रेघा. खर्ची, तेल-मीठ, औषध, आणि अधूनमधून ‘खाडा’. त्यांतील एक खाडा लेकराच्या तापाचा होता, असे ती वही दाखविणाऱ्या बाईने मला सांगितले. वहीत तापाचा उल्लेख नव्हता. अखेरच्या पानावर ‘बाकी’ या शब्दापुढे एक आकडा, आणि खाली निळसर अंगठा. आपल्या साहित्यात ‘बाकी’ हा किती निरुपद्रवी शब्द आहे! त्या पानावर मात्र त्याचा अर्थ ‘पुढचे वर्ष’ असा होता.

वेठबिगारी कायद्याने १९७६ साली संपली. ती ज्या दंडुक्याच्या जोरावर चाले तो दंडुका आता फारसा लागतही नाही. वही एकाच्या हाती आणि अंगठा दुसऱ्याचा, एवढी व्यवस्था पुरेशी होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा कुणब्याच्या दैन्याचा शोध घेताना कुलकर्ण्याच्या दप्तरापर्यंत ते पोहोचले होते, याचे महत्त्व आपण टीकाकारांनी पुरेसे ओळखलेले नाही.

ज्याची नोंद होते त्याचीच किंमत होते, हा न्याय पाण्यासही लागू आहे. याच मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे उभारलेल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईस दररोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी मिळते, आणि त्याचे मोजमाप काटेकोर ठेवले जाते. परंतु चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या बाईची पायपीट कोणत्या रजिस्टरात मांडावी, हे कोणी ठरविलेले नाही. भुकेचेही तेच. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. मरणाच्या दाखल्यावर अतिसार लिहिता येतो, न्यूमोनिया लिहिता येतो. भूक लिहिण्याचा प्रघात नाही.

न्याय्य समाज म्हणजे सर्वांची कणगी सारखी भरलेला समाज, असे मी म्हणत नाही. राजकारणात समता आणि अर्थजीवनात विषमता या विसंगतीत आपण पाऊल टाकीत आहोत, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. या विसंगतीचे अगदी घरगुती रूप मला असे दिसते की, मतदानात ज्याचे मत धनिकाइतकेच मोजले जाते त्यास भाद्रपदात बयाण्याला ‘नको’ म्हणता येत नाही. ते म्हणता यावे यासाठीच वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला आणि २००५ साली देशाने तिचे अनुकरण केले. देशाच्या त्या कायद्यात पंधरा दिवसांत मजुरी देण्याची मुदत घातली होती, तरी ती महिनोनमहिने रखडत राहिली. भट्टीवाल्याचा पैसा मात्र कामाच्या आधीच दारी येतो. सरकार उशिरा आणि सावकार आगाऊ, असा सामना असेल तर भुकेला मनुष्य कोणाकडे जाईल, हे सांगण्यास अर्थशास्त्री नको.

एक गोष्ट मात्र समाधानाची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने, ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली देऊन, वहिवाटीच्या पुराव्यांत गावच्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदनही ग्राह्य मानले. म्हाताऱ्याची आठवण दप्तरात दाखल झाली. सातबाऱ्यावर ज्याच्या आजाचे नाव कधीच चढले नाही, त्याच्या रानात कसलेल्या दळीच्या तुकड्यास शब्दाचा आधार मिळाला. साहित्याचा याहून मोठा गौरव मला ठाऊक नाही.

संमेलनाचे ठराव यथाकाल होतील. माझी मागणी एवढीच, की भट्टीच्या हिशेबाची दुसरी प्रत मजुराच्या घरी असावी. आणि या मांडवात बसलेल्या शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी व कवींनी, मंडळी ज्येष्ठात परतली की पाड्यावर जाऊन ती एकदा त्यांस मोठ्याने वाचून दाखवावी.