डोळ्याच्या वाटेने डोक्याकडे



कामगार चळवळीत केस पांढरे झालेल्या माणसाने वैद्यकावर बोलावे, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. आमचे निम्मे शिक्षण वाचनालयात झाले; हा विषय मात्र एका साथीच्या दुखण्याने शिकविला. साथी लेथवरचा कारागीर. त्याच्या कपाळामागे, कवटीच्या तळाशी, रोहिणी आणि नीला यांची भलतीच जोडणी झालेली सापडली. ती फुटली तर मेंदूत रक्तस्राव. डॉक्टर म्हणाले, "आतून बुजवता येईल, पण वाट डोळ्याच्या रोहिणीतून आहे." साथीने आम्हांला एवढेच विचारले, "दादा, डोळा राहील ना?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आधी वाट पाहू. मानेतून कवटीत शिरणाऱ्या मोठ्या रोहिणीची एक फांदी डोळ्याकडे वळते. तिची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. तिला बहुधा आरंभीच एक अतिसूक्ष्म फाटा फुटतो. दृष्टिपटलाच्या आतल्या थरांचे रक्त त्यातून येते. पुढे तीच फांदी नाकाच्या वरच्या हाडांतून मेंदूच्या आवरणाकडे फाटे धाडते. या भागातील गाठी आणि विकृत जोडण्या पुष्कळदा त्याच फाट्यांवर पोसतात. म्हणजे दुखण्याला रसद पुरविणारा आणि डोळा जगविणारा रस्ता आरंभी एकच!

रक्तवाहिनी आतून बुजविण्याची कल्पना काही आजची नव्हे. 1927 साली लिस्बनला एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेतले. 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुई आणि तारेच्या साहाय्याने रक्तवाहिनीत नळी सरकविण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली. 1960 साली अमेरिकेत ल्युसेनहॉप आणि स्पेन्स यांनी प्लास्टिकच्या गोळ्या सोडून मेंदूतील विकृत वाहिन्या बुजविल्याचे जाहीर केले. आज जांघेतून किंवा मनगटातून केसासारखी नळी नेतात आणि तिच्या टोकातून थिजणारा द्रव किंवा बारीक कण सोडतात.

सगळे कौशल्य त्या टोकाच्या जागेत आहे. दृष्टिपटलाचा फाटा मागे टाकून नळी पुढे गेली पाहिजे. द्रव थोडा जरी मागे सरकला, तरी घात! माकडांवरील प्रयोगांत 97 मिनिटांपर्यंत रक्त तुटलेले दृष्टिपटल सावरले. सुमारे चार तासांनंतर मात्र भारी आणि कायमचे नुकसान झाले. म्हणून काही ठिकाणी आधी थोडे भूल देणारे औषध सोडून जाग्या रोग्याची नजर तपासतात. तीही पुरी हमी नव्हे. शिवाय वाहिन्यांची मांडणी माणसागणिक बदलते. काहींत डोळ्याची रोहिणी मेंदूच्या आवरणाच्या रोहिणीतूनच निघते. तेव्हा निर्धोक भासणारी दुसरी वाटही डोळ्यावरच येते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात, एका डोळ्याची दृष्टी जाऊन दुसरा शाबूत राहिला, तर कमाईची शक्ती शेकडा 30 घटली असे धरले होते. पण ते कामावरच्या अपघातापुरते. उपचारात डोळा गेला तर लेथवाल्याने कोणते परिशिष्ट उघडावे? म्हणून सहीचा कागद पुढे आला की रोग्याने तीन प्रश्न विचारावेत. हे बुजविणे म्हणजे पुरता इलाज, की गाठ काढण्यापूर्वी रक्तस्राव कमी करण्याची तयारी? कवटी उघडून शस्त्रक्रिया करण्याचा मार्ग आहे काय? आणि नळी हव्या जागी पोचली नाही, तर तुम्ही थांबाल काय? हे विचारणे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे नव्हे. करारावर सही करण्यापूर्वी कलमे वाचणाऱ्याला कोणी उद्धट म्हणत नाही.

आमच्या साथीने तिन्ही प्रश्न विचारले. नळी घातली, पण टोक पुरेसे पुढे जाईना. डॉक्टरांनी द्रवाचा थेंबही न सोडता ती बाहेर काढली. पुढे कवटी उघडून ती जोडणी तोडली. साथी आज दोन्ही डोळ्यांनी माप वाचतो.

आम्ही संप पुकारले तसे मागेही घेतले आहेत. मागे घेताना किती धैर्य लागते हे आम्हांला ठाऊक आहे. हाती नळी असताना थांबलेल्या त्या डॉक्टरांना आमचा नमस्कार असो.