प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या पाठीशी कोण?

(शिक्षिका आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गेली चोवीस वर्षं मी तालुक्याच्या गावी सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी आणि इतिहास शिकवते. मूल्यशिक्षणाचा तास बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतो, कारण तो दुसऱ्या कुणाला नको असतो. त्याची परीक्षा नसते. गणिताचा धडा मागे राहिला की तो याच तासाला पुरा केला जातो. या नको असलेल्या तासाबद्दल मला आज बोलायचं आहे.

आमच्या भिंतीवर दहा मूल्यांची यादी रंगवलेली आहे. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा. त्यातच स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता आणि वैज्ञानिक दृष्टिकोनही. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात. एकदा मी सातवीच्या वर्गात विचारलं, "यातल्या दोन मूल्यांचं भांडण झालं तर काय करायचं?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "बाई, मूल्यांचं भांडण होत नसतं." भिंतीवर होत नाही, हे खरंच. घरात मात्र रोज होतं. देवाचा मान आणि मुलीचा मान यांत मुलीला गप्प बसावं लागतं, तेव्हा तेच भांडण चाललेलं असतं. तत्त्वज्ञान नावाचा जड शब्द आपण कॉलेजसाठी राखून ठेवतो. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्याची गोडी आपल्यापेक्षा जास्त असते. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

"शाळेत धर्माचा विषय नको, कायद्यात बसत नाही," असं मला अनेकदा सांगितलं गेलं. म्हणून मी संविधान उघडून पाहिलं. कलम २८ सांगतं की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. आणि मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय कुणावर त्याची सक्ती करायची नाही, मूल लहान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं. हा फरक १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने केला आणि २००२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो मान्य केला. गंमत अशी, की विषय नको म्हणणाऱ्यांनाच शाळेत पूजा घातलेली चालते. म्हणजे धर्म चालतो, त्यावरचा प्रश्न तेवढा चालत नाही.

मी सुरुवात जोतीरावांपासून करते. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापलं गेलं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाईने धर्मग्रंथ वाचून बौद्ध व्हावं, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावं, मुलीने मुसलमान, मुलाने सत्यधर्मी. आणि सगळ्यांनी एका घरात प्रेमाने राहावं. मुलांना मी विचारते, या घरात स्वयंपाक काय होईल? सण कुठले होतील? मुलं हसतात, भांडतात आणि मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "बाई, म्हणजे आईचा धर्म बाबांपेक्षा वेगळा असू शकतो?" त्या एका प्रश्नात तासाचं सार्थक होतं.

माझ्या वर्गात एक नियम आहे: आधी आपलं घर. हा नियम मी ठेच लागून शिकले. तलाकबद्दल आमच्या मुलग्यांना भरपूर माहिती असते आणि ती सांगताना त्यांना चेव येतो. वर्गातल्या दोन मुसलमान मुली तेव्हा खाली मान घालून बसतात. स्त्रियांच्या बाजूने बोलतो असं दाखवत दुसऱ्याच्या धर्माला झोडपणं हा कसला न्याय? म्हणून मी शनिशिंगणापूर आणि हाजी अली एकाच तासाला घेते. २०१६ सालच्या गुढीपाडव्याला स्त्रिया शनीच्या चौथऱ्यावर गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात स्त्रियांना जाऊ द्यावं, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिला. एक मंदिर, एक दर्गा आणि प्रश्न एकच. मग कुणालाही मान खाली घालावी लागत नाही.

आता माझी चूक सांगते. ती सांगण्यासाठीच मी आज इथे आले आहे.

एका वर्षी मी सातवीला संत सोयराबाईंबद्दल सांगत होते. चोखोबांची ही पत्नी अभंगातून विचारते, की विटाळ देहातच जन्मतो, तर मग त्यातून सुटलेला कोण? वर्गातली एक मुलगी अगदी एकटक ऐकत होती. त्याच आठवड्यात तिच्या घरी मार्गशीर्षातल्या गुरुवारची पूजा होती आणि तिला कावळा शिवला होता. आजी म्हणाली, लांब बस. मुलीने सरळ विचारलं, "आजी, तू पण त्याच विटाळातून जन्मलीस ना?" वडिलांनी तिला मारलं. आठ दिवस ती शाळेत आली नाही.

नवव्या दिवशी तिची आई आली. ती ओरडायला आली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बाई, तुमचं बरोबर असेल. पण मार तिनं खाल्ला."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुख्याध्यापकांनी मला समज दिली आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटलं. थांबायला कारण मिळालं. ते सत्र मी वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा शिकवण्यात घालवलं.

पण आईचं वाक्य डोक्यातून जाईना. मी मुलीच्या हाती प्रश्न दिला होता आणि तो घेऊन तिला एकटीला घरी पाठवलं होतं. आपल्या चळवळीतही असं होतं, मैत्रिणींनो. शिबिरात आपण बाईला निर्भय करतो आणि संध्याकाळच्या एसटीने ती परत त्याच घरात जाते.

पुढच्या वर्षी मी तास बदलला. मुलांना गृहपाठ दिला: आईला नाहीतर आजीला विचारा, तुझ्या लहानपणी तुला न पटलेला नियम कोणता? मुलींबरोबर मुलग्यांनाही तोच गृहपाठ. आता मूल घरी वाद घालायला जात नव्हतं, ऐकायला जात होतं. आणि काय काय आलं त्या वह्यांमधून! शाळा सुटल्याचं दुःख आलं. भावाच्या ताटातलं तूप आलं. एका आजीने नातवाला सांगितलं, "चार दिवस बाजूला बसवायचे, ते वाईटच. पण जन्मात तेवढाच विसावा मिळाला."

हे उत्तर मला अपेक्षित नव्हतं. ते मी फळ्यावर लिहिलं. मुलं दोन तास त्यावर बोलत होती. विसावा खरा आणि विटाळ खोटा, असं असू शकतं का? विटाळ न मानता विसावा देता येईल का? मग त्या दिवशी भाकरी कोण भाजणार? एक मुलगा म्हणाला, "मी भाजीन, पण मित्रांना सांगू नका." नीतिशिक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? माझं मत मी सांगितलं नाही असं नाही. विचारल्यावर सांगितलं, पण शेवटी.

आणि मी आयांना भेटू लागले. सत्रातून दोनदा, शनिवारी, शाळेच्या व्हरांड्यात. पहिल्यांदा सात जणी आल्या. मार खाल्लेल्या मुलीची आईही त्यांत होती. ती काही बोलली नाही, पण पुढच्या वेळी परत आली. ती मुलगी आता बारावीला आहे. तिच्या घरी काय बदललं ते मी विचारलेलं नाही; तो माझ्या यशाचा दाखला होऊ नये, असं मला वाटतं.

तुम्हा कार्यकर्त्यांकडे माझं एक मागणं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात. त्या बहुतेक ठिकाणी सहीपुरत्या असतात. तुमच्या गटातल्या ज्या बायकांची मुलं आठवीपर्यंतच्या वर्गांत आहेत, त्यांनी तिथे जाऊन बसावं आणि विचारावं, मूल्यशिक्षणाच्या तासाला काय होतं? बाईंनी काही वेगळं शिकवलं म्हणून तक्रार आली, तर तिथे बाईच्या बाजूने बोलणारी एकजण तरी असावी.

१८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे हिचा निबंध छापून आला. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही मुलगी. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असं तिने जाहीरपणे विचारलं. तिच्या धिटाईचं कौतुक आपण नेहमी करतो. मला मात्र आता दुसरीच गोष्ट दिसते. तो प्रश्न घेऊन ती एकटी नव्हती. तिच्यामागे एक शाळा उभी होती, सावित्रीबाई उभ्या होत्या.

आपल्या मुली आजही प्रश्न विचारतात. त्यांच्यामागे आपण उभ्या आहोत का, एवढंच आपण आपल्याला विचारू या.