रुपयाची राखण आणि दाभोशाची खुरासणी



डॉलरचा भाव मुंबईच्या चलनबाजारात ठरतो. त्याची झळ दाभोशाला कशी लागावी, असे कोणी विचारील. परंतु जव्हारच्या बाजारातील पामतेलाच्या पिशवीत आणि मजुरांना वीटभट्टीवर नेणाऱ्या गाडीच्या डिझेलमध्ये तो भाव मिसळलेला असतो. म्हणून रुपया घसरू लागला की रिझर्व्ह बँक तो कितपत सावरू शकते, हे कार्यकर्त्यांनी जाणून घेतले पाहिजे.

बँक आपल्या गंगाजळीतून डॉलर विकते, तेव्हा रुपयाची घसरण मंदावते. परंतु त्या विक्रीबरोबर बाजारातील रुपयेही बँकेकडे ओढले जातात, पैशाची टंचाई होते आणि व्याजदर चढतात. हे टाळण्यासाठी रोखे विकत घेऊन रुपये पुन्हा बाजारात सोडले, तर हस्तक्षेपाचा जोर ओसरतो.

१५ जुलै २०१३ रोजी बँकेने बँकांना मिळणाऱ्या तातडीच्या कर्जाचा दर १०.२५ टक्क्यांवर नेला. तरीही २८ ऑगस्टला डॉलर ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. मग अनिवासी भारतीयांच्या ठेवी व परदेशी कर्जे आणणाऱ्या बँकांना विनिमयदराच्या धोक्यापासून सवलतीच्या दराने संरक्षण देण्यात आले. सुमारे ३४ अब्ज डॉलर आले आणि रुपया सावरला. मात्र धोका सार्वजनिक संस्थेने पत्करला आणि निश्चित व्याज ठेवीदारांच्या पदरी पडले.

२०२२ च्या आरंभी सुमारे ७४ रुपयांचा डॉलर ऑक्टोबरमध्ये ८३ वर पोहोचला. वर्षापूर्वी ६४२ अब्ज डॉलरच्या घरात असलेली गंगाजळी ५२५ अब्जांच्या आसपास उतरली. या घटीचा मोठा वाटा डॉलरेतर मत्तांच्या मूल्यघटीचा होता, हे मान्य केले तरी निष्कर्ष बदलत नाही : बँकेने घसरणीचा वेग आवरला, दिशा बदलली नाही.

हस्तक्षेप व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नव्हे. सट्टेबाजांची घबराट रोखण्यासाठी तो आवश्यकच आहे. परंतु त्यातून केवळ अवधी मिळतो. त्या अवधीचा उपयोग आयातीवरील परावलंबन कमी करण्यासाठी झाला नाही, तर पुढच्या संकटात तीच गंगाजळी पुन्हा उपसावी लागते.

देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल आजही परदेशांतून येते. आणि जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीवर आदिवासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या खुरासणी पिकवीत आला आहे. या तेलबियांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी आणि गावोगावी तेलघाणे, ही मागणी रुपयाच्या रक्षणाचीही मागणी आहे. ती लावून धरणे, हे आपले काम आहे.